घाटात पळणाऱ्या ऑक्टाव्हिया आरएसला कोणतं ऑइल?

प्रश्न : माझ्याकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे. दुसऱ्या हाताने घेतली, आता ६२,००० किमी झालेत. आधीच्या मालकाने स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) केलेला आहे. रोजचं ऑफिस जेमतेम चार किलोमीटरवर. महिन्यातून एक-दोनदा आंबोली किंवा फोंडा घाट उतरून गोवा, आणि वर्षातून एकदा मित्रांसोबत कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर. सर्व्हिस सेंटर ५डब्ल्यू-४० भरतं. गॅरेजवाला म्हणतो, टर्बो आहे आणि रीमॅपही, तेव्हा जाड १०डब्ल्यू-६० टाका. एक मित्र मायलेजसाठी ०डब्ल्यू-२० सुचवतो, दुसरा मोटुलचं रेसिंगचं ३००व्ही घे म्हणतो. शिवाय ऑइल दोन हजार किमीतच काळं पडतं आणि अडीच हजार किमीला साधारण लिटरभर वरून घालावं लागतं. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्व्हिस सेंटरचं ऐका, पण निम्मंच. ५डब्ल्यू-४० हा ग्रेड बरोबर आहे. पण त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे तेच ऑइल १५,००० किमी चालवायचं, हे तुमच्या वापराला बसत नाही.

चौघांनी तुम्हाला चार ग्रेड आणि ब्रँड सांगितले, पण जो आकडा सगळ्यात आधी बघायचा तो कोणीच सांगितला नाही. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंजुऱ्यांची यादी असते. तिथे तुम्हाला ‘व्हीडब्ल्यू ५०२ ००’ हवं. तुमच्या गाडीतलं दोन लिटरचं टीएसआय इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ मालिकेतल्या तिसऱ्या पिढीचं आहे, आणि ठरावीक अंतराने ऑइल बदलायचं असेल तर त्याला ५०२ ०० हेच मानक लागू होतं. ही मंजुरी मिळवायला ऑइलला इंजिनावरच्या चाचण्यांतून जावं लागतं. पिस्टनवर किती थर बसतो, गाळ किती होतो, कॅम किती झिजतो, रबराचे सील फुगतात का, सगळं तपासलं जातं. ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांतून यातलं काहीच कळत नाही.

यादी वाचताना शब्दांकडे नीट बघा. ‘अप्रूव्हल’ किंवा ‘अप्रूव्ड’ लिहिलं असेल तर मंजुरी खरोखर घेतलेली आहे. ‘मीट्स’, ‘सूटेबल फॉर’, ‘रेकमेंडेड फॉर’ असं असेल तर तो ऑइल कंपनीने स्वतःच केलेला दावा आहे. दावा खोटाच असतो असं नाही, पण रीमॅप केलेल्या टर्बो इंजिनात दाव्यावर भागवू नका. ५०२ ०० सोबत ‘पोर्शे ए४०’ ही मंजुरीही असेल तर उत्तम, कारण ती जास्त लोडवर, जास्त तापमानात टिकणाऱ्या ऑइललाच मिळते. दोन्ही मंजुऱ्या असलेली दोन ऑइल आपल्याकडे मिळतात : मोबिल १ एफएस ०डब्ल्यू-४० आणि मोटुल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४०. दोन्हींतलं कोणतंही चालेल. मात्र कंपन्या मधूनमधून फॉर्म्युला बदलतात, म्हणून हातात आलेल्या डब्याचा मागचा भाग प्रत्येक वेळी वाचाच.

०डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-४०, यावर डोकं शिणवू नका. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतला आहे. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना इंजिन फिरू देतं, ०डब्ल्यू उणे ३५ ला. कोल्हापुरात त्याने काहीही बिघडत नाही. तुम्हाला महत्त्वाचा आहे तो नंतरचा ४०, आणि त्यामागे लपलेला एक आकडा, एचटीएचएस (हाय टेम्परेचर, हाय शिअर).

हा एचटीएचएस नीट समजून घ्या, कारण ०डब्ल्यू-२० आणि १०डब्ल्यू-६० या दोन्हींचा निकाल त्यातच आहे. ग्रेडचा ४० हा आकडा ठरतो तो १०० अंश सेल्सियसला ऑइल स्वतःच्या वजनाने किती वेगात ओघळतं यावरून. पण क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइल असं निवांत ओघळत नसतं. तिथे केसाहूनही बारीक फटीत ते प्रचंड वेगाने घासलं, चिरडलं जातं आणि तापमान १०० च्या बरंच वर जातं. ती स्थिती प्रयोगशाळेत १५० अंशांना तयार करून जी जाडी मोजतात ती एचटीएचएस. ती मिलिपास्कल-सेकंदात सांगतात : २० ग्रेडला किमान २.६ पुरते, ३० ला २.९, आणि ०डब्ल्यू, ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू-४० ला ३.५ लागते. ५०२ ०० ऑइल एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ज्या ए३/बी४ वर्गात मोडतं त्यालाही किमान ३.५ ची अट आहे. तुमच्या इंजिनाचं बेअरिंग या ३.५ वर बेतलेलं आहे.

आता ०डब्ल्यू-२०. फोक्सवॅगनचं या ग्रेडचं मानक ५०८ ००. त्याचं ऑइल हिरवट रंगाचं असतं आणि ते त्याच्यासाठीच डिझाइन केलेल्या नव्या इंजिनांमध्ये व्यवस्थित चालतं. तुमचं इंजिन त्यातलं नाही. त्यात रीमॅपने टॉर्क वाढवलाय, म्हणजे पिस्टनचा धक्का बेअरिंगवर आणखी जोरात बसतो. लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त मिळवायला बेअरिंग पणाला लावू नका.

गॅरेजवाल्याचं १०डब्ल्यू-६० कुठून आलं असेल याचा अंदाज आहे. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या एम गाड्यांना कंपनीनेच हा ग्रेड सांगितला होता, आणि तेव्हापासून ‘फास्ट गाडी म्हणजे सिक्स्टी’ असं समीकरण गॅरेजमध्ये रुजलं. पण ती इंजिनं वेगळी, त्यांच्या फटी वेगळ्या. तुमच्या इंजिनात ऑइल पंप दोन टप्प्यांवर चालतो. पिस्टनला खालून ऑइलची धार मारून थंड करणारे जेट गरजेप्रमाणे उघडतात आणि बंद होतात. कॅमचा टायमिंग ऑइलच्या दाबाने बदलतो, चेनचा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर. ही सगळी यंत्रणा ठरावीक जाडीचं ऑइल धरून जुळवलेली आहे. ४० अंशांना १०डब्ल्यू-६० हे ५डब्ल्यू-४० च्या साधारण दुप्पट जाड असतं. तुमच्या चार किलोमीटरच्या ऑफिसच्या फेरीत ते पातळ व्हायच्या आतच तुम्ही गाडी बंद करणार. गेजवर दाब जास्त दिसेल हे खरं, पण तो ऑइल पुढे सरकायला अडतंय म्हणूनही दिसतो. टर्बोला हवा असतो प्रवाह. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा त्याचा शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, आणि तेच वाहतं ऑइल तिथली उष्णता काढून नेतं. प्रवाह मंदावला की गरम बेअरिंगपाशी ऑइल जळून कोळशासारखा थर बसायला लागतो.

३००व्ही बद्दल. ऑइल चांगलं आहे यात वाद नाही, पण ते रेससाठी बनवलेलं आहे. त्यावर ५०२ ०० ची मंजुरी नाही, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत महिनोन् महिने आतला कचरा सांभाळत बसणं हे त्याचं काम नाही. कोणी फक्त ट्रॅकवर गाडी चालवत असेल आणि दोन-तीन ट्रॅक-डेनंतर ऑइल काढून टाकत असेल, तर जरूर वापरावं. वर्षातून एकदा कारीला जाणाऱ्याला गरज नाही.

तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट ग्रेडची नाहीच. ती आहे रोजचे चार किलोमीटर.

थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, इंजिन थंड असताना, थोडं पेट्रोल वाफ न होता सिलेंडरच्या भिंतीवरून खाली, ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं. हल्लीचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल थंड इंजिनात आणखी नाखुशीने वाफ होतं. गाडी अर्धा-पाऊण तास नीट तापून चालली तर हे पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जाते. चार किलोमीटरमध्ये ते होत नाही. पाण्याचा काटा ९० वर येऊन थांबतो म्हणून इंजिन गरम झालं असं वाटतं, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. तुमच्या गाडीत काट्यांच्या मधल्या डिस्प्लेवर ऑइलचं तापमान दिसतं. ५० अंशांखाली तिथे आकड्याऐवजी नुसत्या रेघा असतात. उद्या ऑफिसला पोचल्यावर बघा किती आकडा आलाय. ७० सुद्धा नसेल तर दिवसभराचं पेट्रोल आणि पाणी आत साठत चाललंय असं समजा. डिपस्टिक नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येणं, पातळी आपोआप वाढल्यासारखी दिसणं, ऑइल कॅपच्या आतून दुधाळ पिवळट साय धरणं, ही त्याची चिन्हं. सायीसोबत कूलंटही कमी होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं, ताबडतोब तपासून घ्या.

असं पेट्रोल मिसळलेलं ४० ग्रेडचं ऑइल काही हजार किमीत ३० सारखं वागायला लागतं. तीस ग्रेडने सुरुवात केली तर वीसवर येईल. तुमच्या वापराला चाळीस बरा पडतो तो याचमुळे, आणि १५,००० किमीचा मुक्काम जमत नाही तोही याचमुळे. ७,५०० किमी किंवा आठ महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर तीस-चाळीस मिनिटं सलग चालवा. ट्रॅकला निघण्याआधी चालू ऑइलला ४,००० किमी होऊन गेले असतील तर जाण्यापूर्वीच बदला.

काळ्या रंगाची काळजी सोडून द्या. या जातीच्या इंजिनात काजळी होते, आणि ऑइलमधले डिटर्जंट ती धुऊन स्वतःत धरून ठेवतात. काळं पडणं म्हणजे ऑइल काम करतंय. काळजी करायची ती चमक दिसली तर : कापडावर ऑइल पुसून उन्हात धरल्यावर धातूची बारीक चमचम दिसली तर गाडी चालवू नका.

लिटरभर खप. अडीच हजारांत एक लिटर म्हणजे हजार किमीला ०.४ लिटर. कंपनीच्या पुस्तिकेत हजार किमीला ०.५ लिटरपर्यंत खप मान्य आहे, म्हणजे तुम्ही हद्दीच्या आत आहात. तरी ६२,००० किमीला हा आकडा आम्हाला जास्त वाटतो. आधी नीट मोजा. गाडी पूर्ण गरम करून सपाट जागी उभी करा, बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, पातळीचा फोटो काढा आणि किमी लिहून ठेवा. हजार किमीनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा. पंपावर उताराला लागलेल्या गाडीत घाईने घेतलेलं माप धरू नका.

मग कारण शोधा. सर्वात आधी पीसीव्ही, म्हणजे इंजिनावर बसलेला ऑइल सेपरेटर. इंजिन चालू ठेवून ऑइल कॅप हलकेच उघडा. झाकण जोरात आत ओढलं जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आतला पडदा फाटलेला असू शकतो. हा भाग बदलणं टर्बो उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून पाळी त्याची पहिली. नंतर इंटरकूलरचे होज काढून आत बघा. ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं असेल तर नाही. सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहून निघताना मागे निळसर धूर येत असेल तर टर्बोचा सील किंवा व्हॉल्व्हचे सील. सतत जोर देताना धूर असेल तर रिंगांकडे बोट जातं. जाड ऑइल घालून खप कमी दिसला तरी कारण तिथेच राहतं, आणि त्याचा पत्ता लागायला उशीर होतो.

वरून घालायचं ऑइल शक्यतो तेच असावं. रस्त्यात अडलात तर ए३/बी४ किंवा सी३ (एसीईएचाच कमी राखेचा वर्ग) लिहिलेलं दुसरं कोणतंही ऑइल अर्ध्या लिटरपर्यंत चालतं. कमी पातळीवर घाट मारणं त्याहून वाईट. आंबोलीच्या वळणांवर किंवा ट्रॅकवर ऑइल चेंबरच्या एका कडेला चढतं, आणि पातळी खाली असेल तर पंप हवा ओढतो. निघताना पातळी वरच्या खुणेला टेकलेली असू द्या, पण खुणेच्या वर नाही. जास्त भरलं की क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि जादा ऑइल पीसीव्हीतून इनटेकमध्ये जातं.

बदलताना लागणारं सामान : ऑइल ५.७ लिटर, म्हणून सात लिटर विकत घ्या, उरलेलं वरून घालायला. फिल्टरचा कागदी एलिमेंट, त्याच्या झाकणाची नवी ओ-रिंग, आणि चेंबरचा नवा ड्रेन प्लग. हा प्लग प्लॅस्टिकचा आहे, चेंबरही प्लॅस्टिकचा, आणि तो प्लग एकदाच वापरायचा असतो. गॅरेजवाला जुनाच पुन्हा बसवत असेल तर थांबवा, शंभर-दोनशे रुपयांसाठी रस्त्यात ऑइल सांडण्याची जोखीम नको. त्यावर इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. फिल्टर बोनेट उघडल्यावर वरच दिसतो. ३२ च्या सॉकेटने त्याचं झाकण आधी सैल करा, म्हणजे तिथलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि मग प्लग काढा. इंजिन कोमट असावं, पंधरा मिनिटं गळू द्या. झाकण बसवताना ओ-रिंगला नव्या ऑइलचं बोट लावा आणि २५ न्यूटन-मीटरवर आवळा. आधी सव्वापाच लिटर भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटांनी बघा आणि मग थोडं-थोडं करून पातळी पूर्ण करा.

वेगळं ॲडिटिव्ह काही घालू नका. झिंक, मोलिब्डेनम, ‘टर्बो प्रोटेक्ट’, काहीही नाही. मंजूर ऑइलमध्ये हे सगळं मोजून घातलेलं असतं आणि वरून ओतलेल्या बाटलीने ते प्रमाण बिघडतं. इंजिन फ्लशही नको, सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो.

बनावट ऑइल हा आपल्याकडचा खरा धोका आहे. मोठ्या ब्रँडचा डबा निम्म्या किमतीत मिळत असेल तर घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या, झाकणाचं सील आणि डब्यावरचा बॅच नंबर तपासा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. सील स्वतःच्या डोळ्यांसमोर तोडू द्या. रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोक पाडूनच भंगारात द्या, कारण बनावट माल भरायला असेच अस्सल डबे शोधले जातात.

आता चालवण्याबद्दल, कारण रीमॅप केलेल्या गाडीत त्याचा ऑइलशी थेट संबंध येतो. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये पंधराशे-अठराशे आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका. लहान टर्बो इंजिनांत अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो. त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि एका झटक्यात पिस्टनची रिंग-लँड, म्हणजे दोन रिंगांमधली कड, तुटू शकते. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट याला हातभार लावतं असं आढळल्यावर २०१८ मध्ये एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि मे २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. ५०२ ०० सोबत एपीआय एसपीही असलेलं ऑइल मिळालं तर तेच घ्या. रीमॅप करणाऱ्याला विचारा की दोन हजार आरपीएमच्या खाली टॉर्क किती चढवलाय. तिथे आकडा फार मोठा असेल तर कमी करून घ्या, गाडी वरच्या आरपीएमला तितकीच पळेल. डीएसजी हा तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘डी’मध्ये लवकर वरचा गिअर टाकतो, म्हणून घाट चढताना ‘एस’ (स्पोर्ट) किंवा स्टिअरिंगमागची पॅडल वापरा.

ऑइल ८० अंशांवर आल्याशिवाय जोर देऊ नका. ९० ते ११० हे नेहमीचं तापमान. ट्रॅकवर १३० दिसलं की एक-दोन फेऱ्या सावकाश मारून खाली आणा. घाट चढून आल्यावर चहाला थांबायच्या आधीचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. उभं राहून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यापेक्षा ते चांगलं. गाडी बंद केल्यावरही बोनेटखालून थोडा वेळ घुरघुर ऐकू येईल. पंखा आणि टर्बोकडे कूलंट फिरवणारा विजेचा पंप चालू असतो, बॅटरी काढायची धावपळ करू नका.

हाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांनी एक भान ठेवावं : तुमच्या टर्बो गाडीच्या एग्झॉस्टमध्ये पेट्रोल गाड्यांसाठीचा, काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर ए३/बी४ ऑइलची राख त्यात साचते. तिथे कमी राखेचं सी३ वर्गातलं, फोक्सवॅगन समूहात ५०४ ०० मंजुरीचं ऑइल लागतं. तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघा, इथला उचलू नका.

आणि कोल्हापूरकर, तुम्ही विचारलं नाहीत, पण ६२,००० वर गाडी आहे म्हणून सांगतो. आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे, आणि त्याचं ऑइल फिल्टरसकट दर ६०,००० किमीला बदलायचं असतं. आधीच्या मालकाच्या बिलांत ती नोंद सापडली नाही तर इंजिन ऑइलच्या आधी तेच उरकून घ्या. रीमॅपचा वाढीव टॉर्क चाकांपर्यंत जातो तो त्याच क्लचमधून.